बिया काढलेला अमरूद

थंडी पडली की माझे गुडघे आणि माझा मत्सर, दोन्ही एकदमच दुखायला लागतात. गुडघ्यांना निदान डॉक्टर आहे. मत्सर या वयात दाखवायचा कुणाला? लोक म्हणतील, म्हातारीचे केस पिकले, मन काही पिकलं नाही. म्हणोत. खरं आहे ते.

गेल्या आठवड्यात धुकं उतरलं. सकाळी खिडकीतून किल्ला दिसला नाही की आम्ही ग्वाल्हेरवाले समजतो, आता संक्रांतीपर्यंत ऊन आपल्या मर्जीनं येणार. सून म्हणाली, "आई, मफलर नीट गुंडाळा, मी गाडी लावून येते, तोवर बाबा पर्चा बनवून घेतील." हिचं मराठी असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं; आमचं सगळ्यांचंच तसं. आम्ही दोघं दवाखान्याच्या आवारात शिरलो. ह्यांनी पर्चा, म्हणजे केसपेपर, काढला, पण आत खुर्च्यांवर माणसांची दाटी, म्हणून बाहेर भिंतीलगतच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसलो. तेवढ्यात धुक्यातून ऊन आलं, नेमकं त्या बाकावर. स्पिरिटचा वास आला, उबेला लागलेल्या लोकरीचा वास आला, आणि फाटकापाशी टोपलीवाला ओरडला, "अमरूद, मीठे अमरूद!" पेरू म्हणतात ते पुण्याकडचे. आमच्याकडे अमरूदच.

हे लगेच उठले. गुडघे माझे दुखतात, पण अमरूद आणायला हेच उठणार. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले आणि मला तो हिवाळा आठवला.

तेव्हा आमचं राज्य दोन घरचा पाहुणा होतं. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा ग्वाल्हेरचंही मन राखायचं आणि इंदूरचंही, म्हणून कुणीतरी युक्ती काढली. राजधानी हिवाळ्यात इथं, उन्हाळ्यात तिथं. मनं राखली गेली असतील. संसार मात्र अर्धे झाले. हे सचिवालयात कारकून. ऊन तापायला लागलं की फायलींच्या पेट्यांबरोबर हे इंदूरला जात आणि थंडीच्या तोंडाशी परत येत. तिकडे चार कारकून मिळून एक खोली, त्यात बायकोला कुठं नेणार? बाकीच्या बायकांना नवरा बारमाही, मला हंगामी, हरभऱ्याच्या पाल्यासारखा. सहा महिने मी स्वेटर विणायची, मफलर विणायची, आणि हिवाळ्याची वाट बघायची.

आणि हिवाळ्यात तरी काय मिळायचं! गोरखीच्या वाड्याजवळच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर. सासरे दरबारच्या नोकरीतून उतरलेले, पण दरबार त्यांच्यातून उतरला नव्हता. नवराबायकोनं जोडीनं बाहेर पडायचं नाही. दिवसा एकमेकांशी बोलायचं नाही, बोललं तर तिसऱ्याच्या आडून. फुलबाग चालत जाण्याइतकी जवळ, पण लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी तिथल्या बाकावर दोघं कधी बसलो नव्हतो. मला ते एवढंच हवं होतं. दागिना नको, लुगडं नको. उन्हात एका बाकावर शेजारी बसून एक सकाळ.

त्या वर्षी बातमी आली की मध्यभारतच मोडला. आता मध्यप्रदेश, आणि राजधानी भोपाळ. सासरे म्हणाले, "आधी दरबार गेला, आता राजधानी. उद्या किल्लाही उचलून नेतील." काही खाती लगेच हलली, काही मागे राहिली. ह्यांचं खातं संक्रांतीनंतर जायचं ठरलं. तिकडे क्वार्टर कधी मिळेल, मला कधी नेतील, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मनानं एकच धरलं, हा आपला हिवाळा. आता नाही तर कधी नाही. यंदा सासूबाईंची समजूत घालून एकदा तरी ह्यांच्याबरोबर बाहेर पडायचंच.

आणि वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सुमतीताई. उज्जैनला दिलेली. सासरच्यांनी एका दूरच्या नातेवाइकाबरोबर गाडीत बसवून दिलं आणि निरोप पाठवला, बरी झाली की कळवा. आतड्यांचा क्षय होता. तो शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि त्या स्वतः इतक्या हडकलेल्या की थोरल्या असून माझ्यापेक्षा लहान दिसत. रोज दवाखान्यात नेऊन सुई द्यायची होती. नवऱ्यानं स्टेशनपर्यंतही सोडलं नव्हतं म्हणे. त्याचं नाव त्या घेत नसत, आणि आम्हीही काढत नसू.

मला त्यांची दया आली. खरंच आली. पहिले काही दिवस.

सुईला लागणारा वेळ असा कितीसा! पण दवाखान्यात सुई हा सगळ्यात छोटा भाग. आधी पर्चा. मग ओळ. मग डॉक्टर राउंडवर. मग कंपाउंडर चहाला. मग सुई, आणि सुईनंतर चक्कर येईल म्हणून उन्हात बसायचं. अख्खी सकाळ. हे ऑफिसला जाण्याआधीची सकाळ, म्हणजे माझ्या वाट्याची जी काही होती ती, रोज टांग्यात बसून इंदरगंजवरून दवाखान्यात जायला लागली. मी दारात उभी राहून टांगा वळेपर्यंत बघायची. एक दिवस पाहिलं, वन्संच्या गळ्याला मफलर. माझा. ह्यांच्यासाठी मी आख्खा उन्हाळा घामेजल्या हातांनी विणलेला. त्यांना थंडी वाजली असेल, ह्यांनी काढून दिला असेल, त्यात चूक काय? काही चूक नव्हती. म्हणूनच तर ते सोसवेना. ज्यात कुणाची चूक नाही त्याबद्दल भांडायचं कुणाशी?

मग मी दुखणी शोधू लागले. एक दिवस दाढ दुखली. सासूबाईंनी लवंग दिली. मग छातीत कळ आली. ओव्याचा शेक दिला. मग अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले, तर आल्याचा असा कडक काढा पाजला की खोटी कणकण खरी झाली. वन्संच्या दुखण्याला टांगा आणि माझ्या दुखण्याला काढा. शेवटी सरळच म्हटलं, भिंतीकडे तोंड करून, "दवाखान्यात बाईमाणूस सोबत असलं तर बरं. मी जाऊ का त्यांच्याबरोबर?"

सासूबाई म्हणाल्या, "दवाखाना काय मेळा आहे? जा, डाळ निवड."

एकदा ह्यांचा कोट ब्रशनं झाडताना बाहीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. अमरूदाची बी. त्या रात्री विचारलं तर सहज म्हणाले, "ताईला डॉक्टरांनी अमरूद थोडा चालेल म्हटलंय, पण बिया नकोत. आतड्यांना लागतात. मग मी चाकूनं काढून देतो. फार चिवट काम असतं गं, एक बी हटत नाही." आणि हसले. मला आजवर एक शेंग फोडून दिली नव्हती ह्यांनी. मी पाठ करून झोपले. मला अमरूद बियांसकट आवडतो, दाताखाली कडकडून फुटलेला, मीठ लावून. ते ह्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं कधी होतं?

आजाऱ्याचा मत्सर करणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलाय त्यालाच कळेल. निरोग्याचा मत्सर केला तर माणूस स्वतःला बिचारा तरी म्हणू शकतो. इथं तीही सोय नाही. देवापुढे हात जोडले की वन्संना बरं कर म्हणायची, आणि मनातल्या मनात त्याला जोडून, लवकर. ते 'लवकर' कुणासाठी होतं ते देवालाही कळत असणार.

संक्रांत झाली. निघायच्या दिवशी तरी सकाळ माझी असेल असं वाटलं होतं. त्या दिवशीही ह्यांनी वन्संना सुई देऊन आणलं आणि टांग्यातून न उतरताच आपली ट्रंक मागवली. मी तिळगूळ घेऊन दारात गेले. ह्यांनी तो घेतला, इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून हळूच वाकले. मला वाटलं, आता काही म्हणतील. म्हणाले, "ताईची सुई चुकवू नकोस." टांगा गेला. भोपाळ मला तेव्हा काशीहूनही लांब वाटलं.

आणि आता दवाखान्यात नेणार कोण? सासऱ्यांना मोतीबिंदू, सासूबाईंना चढण झेपत नाही. जे मला मागून मिळालं नव्हतं ते आपोआप पदरात पडलं, फक्त ज्याच्यासाठी मागितलं होतं तो गेल्यावर. मी वन्संना टांग्यात घेऊन निघाले.

सुई झाल्यावर वन्संनीच बाक दाखवला. भिंतीलगत, ऊन थेट येतं असा. म्हणजे हाच तो, ह्यांचा रोजचा. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी, जिथं हे बसत असतील तिथं बसले. पलीकडे एक जाडशी म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती. मुरारहून यायची; नवऱ्याच्या पायाला जखम होती, रोज पट्टी बदलायला आणायची. सगळे तिला अम्मा म्हणत.

"आ गईं बिटिया?" अम्मा वन्संना म्हणाली. "आज भैया नहीं आए?"

"भोपाल गए," वन्सं म्हणाल्या. "नौकरी उधर चली गई."

"हाय राम! तुमको ऐसी हालत में छोड़ के?" मग तिनं मला न्याहाळलं. "और ये कौन है? ननद है तुम्हारी?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग एकदम कळलं. आमच्या सासरचं ते दरबारी वळण. घराबाहेर, चारचौघांत, पुरुषमाणसाला नावानं हाक मारायची नाही, मग तो धाकटा भाऊ का असेना. 'अहो' म्हणायचं, 'ऐकलंत का' म्हणायचं. घरात वन्सं ह्यांना बाळ म्हणत, पण दवाखान्यात तसंच म्हणत असणार. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, शेजारी रोज येणारा, मफलर काढून देणारा, बिया वेचून फोडी हातावर ठेवणारा माणूस. अम्मानं काय समजायचं? सगळ्या बाकानं तेच समजलं होतं. आणि वन्संनी ते कधी खोडलं नव्हतं.

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली होती. चेहरा आधीच पिवळा, तो आणखी उतरला. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण विनवत नव्हत्या. नुसत्या वाट बघत होत्या, कंपाउंडर सुई भरत असताना बघायच्या तशा. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. तो माझा नवरा आहे. तीन वर्षांत मोठ्यानं म्हणायला न मिळालेलं वाक्य, आणि म्हणायला इतकी चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"जी," मी म्हटलं. "ननद हूँ."

का म्हटलं? चांगुलपणा म्हणाल तर तो तितकासा नव्हता. एवढंच डोळ्यांपुढे आलं की हिच्या नवऱ्यानं हिला स्टेशनपर्यंतही सोडलं नाही. या बाकावर बायका एकमेकींना विचारतात ते एकच, तुला कोण घेऊन येतं? त्याला हिनं काय उत्तर द्यायचं?

त्यानंतर उरलेला हिवाळा मी माझ्याच नवऱ्याची बहीण होते. अम्मा माझ्याजवळ त्याचं कौतुक करी. "तुम्हारे भैया जैसा आदमी नसीब से मिलता है, बिटिया. एक-एक बीज निकालते थे, सुई लगते टैम मुँह फेर लेते थे, देख नहीं पाते थे. मैंने अपने बुड्ढे से कही, कछु सीख ले!" बुड्ढा पट्टीचा पाय पुढे करून हसायचा. मला हे कुठलंच ठाऊक नव्हतं. सुई टोचताना हे तोंड फिरवतात, उन्हात बसले की डोळे मिटून गुणगुणतात, दवाखान्यातल्या कुत्र्यालाही बिस्कीट देतात. माझा नवरा मला परक्या बाईकडून, दुसरीचा म्हणून, तुकड्या-तुकड्यानं कळत होता. जळफळाट व्हायचा. आणि तरी सकाळी टांगा आला की मीच आधी पायरी उतरायची, कारण त्याच्याबद्दल बोलणारं माणूस ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात तेवढंच एक होतं.

अमरूद आता मी कापायची. मला ह्यांच्यासारखं जमत नसे. फोडीचा निम्मा गर बियांबरोबर जाई. वन्सं उरलेलं तेवढं खात. काढलेल्या बिया मी तोंडात टाकायची. त्या बाकावर माझा वाटा तेवढाच होता.

होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी सुया बंद केल्या. वन्संच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. अम्मानं गजकाची, म्हणजे तिळाच्या खुसखुशीत वड्यांची, पुडी त्यांच्या हातात कोंबली. "भैया को देना, कहना मुरारवाली अम्मा ने दी है. अब जाओ भोपाल, अपने आदमी के पास." वन्सं वाकून पाया पडल्या.

टांगा इंदरगंजच्या चौकात गर्दीत अडकला. वन्संनी पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

"हे तुझं," त्या म्हणाल्या.

मी पुडीचा दोरा बोटाला गुंडाळला.

"सगळं तुझंच आहे गं. बाकावरचं तेवढं माझं राहू दे. बाळला सांगू नकोस."

मी मान हलवली. पुढं काय झालं ते गोष्टीत असतं तसं झालं नाही. मी त्यांना मिठी मारली नाही, मला रडूही आलं नाही. मला राग आला. आख्खा हिवाळा घेऊन झाल्यावर हिनं एवढं थोडं का मागावं, की मला नाही म्हणता येऊ नये?

वन्सं उज्जैनला परत गेल्या. बरी झाल्याचं कळवल्यावर घेऊन गेले. बरी बायको कुणालाही चालते. मी भोपाळला आले. अर्धवट बांधलेली क्वार्टरं, दारापुढे खडीचे ढीग, आणि नवरा बारमाही. पहिल्या थंडीत ह्यांनी अमरूद आणला, चाकू घेतला, आणि सवयीनं बिया काढून फोड माझ्या हातावर ठेवली. तेव्हाच सांगायला हवं होतं, मला बियांसकट आवडतो. पण त्यांची बोटं ते काम इतक्या मायेनं करत होती! अम्मानं सांगितलेलं सगळं मला तिथं डोळ्यांनी दिसत होतं. वाटलं, नको म्हटलं तर हेही जाईल. मी खाल्ली. मग दर हिवाळ्यात खात आले. उष्टं म्हणावं तर उष्टं नाही, माझं म्हणावं तर माझं नाही.

पुढे दवाखान्यांत आमचा पुष्कळ संसार झाला. मुलांचे गोवर, सासऱ्यांचे डोळे, सासूबाईंचं शेवटचं दुखणं, ह्यांचा हर्निया. हिशेब केला नाही, पण घरी दोघं मिळून जितके बसलो नसू तितके दवाखान्यांच्या बाकांवर बसलो. घरात कामं असतात. रांगेत कामच नसतं, नुसतं बसायचं आणि आपला नंबर येईपर्यंत एकमेकांचं असायचं. बायका कंटाळतात. मला कधी कंटाळा आला नाही. मला माझ्या सकाळी असल्याच मिळायच्या होत्या. फक्त कुठल्याही बाकावर बसलं की वाटायचं, माझ्या आधी इथं कुणीतरी बसून गेलंय.

निवृत्तीनंतर आम्ही ग्वाल्हेरला परत आलो. वन्सं गेल्या श्रावणात गेल्या. वय झालं होतं. हे फार रडले. मीही रडले, आणि रडता रडता मनात आलं, आता तरी! लाज वाटली नाही. इतक्या जुन्या गोष्टीची लाजसुद्धा म्हातारी होते. त्यांचं बाकावरचं मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दिलं ते दिलं.

तर त्या दिवशी हे अमरूद घेऊन आले. एकच, मोठा, पिवळा. बाकावर रुमाल पसरला, खिशातून चाकू काढला. हात आता थरथरतात, पण काम तेच. चाकूच्या टोकानं बिया रुमालाच्या एका कोपऱ्यात काढल्या आणि कोरी फोड माझ्यापुढे धरली. पलीकडे एक मुलगी बसली होती, पोटुशी, एकटीच. ती हसून म्हणाली, "अम्मा, दादाजी आपका कितना ख़याल रखते हैं!"

त्या बाकावर आता अम्मा मीच होते.

मी फोड घेतली नाही. रुमालाच्या कोपऱ्यातल्या बिया चिमटीत उचलल्या आणि तोंडात टाकल्या.

"अगं, बिया आहेत त्या!" हे घाबरले. ऐकू कमी येत असल्यानं बोलतात मोठ्यानं. सगळं आवार बघायला लागलं. "तुला चालत नाहीत ना!"

"तिला चालत नव्हत्या," मी म्हटलं. तेवढ्याच मोठ्यानं. "मला चालतात. मला पहिल्यापासून बियांसकट आवडतो."

हे माझ्याकडे बघत राहिले. चाकू हातात तसाच. त्यांच्या डोळ्यांत आधी बहीण आली, मग गेली, आणि मग त्यांना मी दिसले. "पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

त्यांनी उरलेल्या अमरूदाची फोड केली. चाकूचं टोक सवयीनं बियांकडे गेलं आणि थांबलं. मग फोड तशीच माझ्या हातावर ठेवली, टोपलीवाल्यानं दिलेल्या पुडीतलं मीठही बोटानं लावून. माझे दात आता धड राहिलेले नाहीत. तरी मी ती अख्खी फोड बियांसकट चावून खाल्ली, सावकाश, नंबर पुकारेपर्यंत.